नावाची भाडेपावती कोणाच्या खिशात?

भीमजयंतीच्या आधीची गोष्ट. आमच्या विहाराच्या कार्यक्रमपत्रिका छापून आल्या आणि घरोघर वाटूनही झाल्या. पंचशील ध्वजारोहण, बुद्धवंदना, मुलांच्या वक्तृत्व स्पर्धा, रात्री भीमगीतांचा कार्यक्रम, आणि सर्वांत खाली दरवर्षीप्रमाणे विहाराच्या संकेतस्थळाचा पत्ता. तिसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या एक ताई विहारात आल्या. हातात मोबाईल, चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "जयभीम भाऊ. नातीने पत्रिकेवरचा पत्ता मोबाईलवर टाकला. काय निघतंय ते तुम्हीच बघा."

आम्ही पाहिले. जिथे बाबासाहेबांची तसबीर आणि वंदनेच्या वेळा असायच्या, तिथे रमीचे पत्ते नाचत होते आणि 'आजच खेळा, आजच जिंका' असे बोलावणे चालले होते. ज्या वस्तीतल्या माताभगिनींनी मटक्याचे अड्डे आणि दारूचे गुत्ते बंद व्हावेत म्हणून रात्री-अपरात्री मोर्चे काढले, त्या वस्तीच्या विहाराच्या नावावर जुगाराचे दुकान! मान खाली घालावी असाच तो प्रसंग होता.

पहिला संशय चोरीचा आला. कोणी तरी खोडसाळपणा केला, पोलिसांत जाऊ, असेही काही जण म्हणाले. चौकशी केल्यावर खरा प्रकार कळला. २०१२ साली आमच्याच एका होतकरू मुलाने हौसेने ते संकेतस्थळ करून दिले होते. नावाची नोंदणी त्याच्या स्वतःच्या ई-मेलवर होती. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली, तो ई-मेल त्याने वापरणे सोडले. मुदत संपत आल्याच्या सूचना तिकडेच जात राहिल्या आणि कोणी वाचल्या नाहीत. पैसे भरायचे असतात हेच आम्हा विश्वस्तांना ठाऊक नव्हते. चोरी कोणी केलेली नव्हती. आमचे भाडे थकले होते.

वाचकहो, आज जवळजवळ प्रत्येक विहाराचे, मंडळाचे, पतसंस्थेचे, समाजाच्या वधूवर सूचक केंद्राचे असे एखादे नाव इंटरनेटवर असते. आमच्यावर आली ती वेळ दुसऱ्यावर येऊ नये, म्हणून या विषयाची सारी खटपट आम्ही समजून घेतली. ती आज आपल्यापुढे मांडतो.

नाव मिळते ते भाड्याने

इंटरनेटवरच्या पत्त्याला डोमेन नाव म्हणतात. 'अमुक डॉट कॉम', 'तमुक डॉट इन' ही ती नावे. आपण म्हणतो 'नाव विकत घेतले', पण ते कधीच विकत मिळत नाही. चाळीतल्या खोलीसारखे ते भाड्याने असते. वर्षाचे भाडे भरायचे, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे. भाडे भरत राहाल तोवर कोणी हात लावणार नाही. भाडे थांबले की खोली दुसऱ्याला.

या नावांची जगभरची शिस्त आयकॅन नावाची संस्था सांभाळते. तिची स्थापना अमेरिकेत १९९८ साली झाली. डॉट कॉमचे मूळ दप्तर व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे आहे. आपल्या डॉट इनचे दप्तर नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या संस्थेकडे आहे. आपण मात्र थेट त्यांच्याकडे जात नाही. मधल्या नोंदणी कंपन्या असतात, त्यांच्याकडे खाते उघडून पैसे भरतो. ते खाते ज्याच्या नावावर, भाडेपावती त्याची. पागडीच्या खोलीत भाडेपावती कोणाच्या नावावर, यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या झालेल्या आपण पाहिल्या आहेत. इथेही तोच प्रश्न पहिला.

ऐंशी दिवसांचा हिशेब

मुदत संपल्याबरोबर नाव जाते असे नाही. एलआयसीचा हप्ता चुकला की सवलतीचे दिवस मिळतात, पॉलिसी लॅप्स झाली तरी दंड भरून ती पुन्हा चालू करता येते. डॉट कॉमचेही तसेच आहे.

मुदत संपल्यावर पहिले ४५ दिवसांपर्यंत नोंदणी कंपनी नाव राखून ठेवू शकते. किती दिवस ठेवायचे हे तिच्या नियमांवर असते. या काळात बहुधा नेहमीच्या दरानेच नाव चालू करून मिळते. त्यानंतर नाव दप्तरातून काढायला दिले की ३० दिवसांची सोडवणुकीची मुदत लागते. तेव्हा जुन्या मालकालाच नाव परत घेता येते, पण मोठा दंड भरून. त्यानंतरचे ५ दिवस कोणालाच काही करता येत नाही. मग नाव मोकळे होते आणि जो आधी नोंदवील त्याचे होते. ४५ अधिक ३० अधिक ५, असे हे ८० दिवस.

आयकॅनच्या नियमाप्रमाणे नोंदणी कंपनीने मुदतीच्या साधारण एक महिना आधी, एक आठवडा आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत, अशा तीन सूचना पाठवायच्या असतात. आमच्या नावाच्याही गेल्या असणार. पण बंद घराच्या दाराखाली टाकलेली नोटीस कोण वाचणार?

आणखी एक गोष्ट आम्हाला नव्यानेच कळली. चांगली नावे त्या शेवटच्या दिवसापर्यंत पोहोचतच नाहीत. मुदत संपून काही आठवडे झाले की पुष्कळ नोंदणी कंपन्या स्वतःच त्या नावाचा लिलाव पुकारतात. जी नावे शेवटपर्यंत जातात, ती पकडायला खास कंपन्यांचे संगणक टपून बसलेले असतात. नाव मोकळे झाल्यावर क्षणाच्याही आत ते उचलतात. ज्याला एखादे नाव हवे असते तो या कंपन्यांकडे आधीच मागणी नोंदवून ठेवतो. एकाच नावाला दोघेतिघे गिऱ्हाईक असले की तिथेही लिलाव. घरी मोबाईल घेऊन बसलेल्या माणसाच्या हाताला चांगले नाव लागणे अवघडच.

मोठमोठ्यांचीही भाडी थकतात

आम्हीच तेवढे बेफिकीर, असे वाटून आम्ही खजील झालो होतो. पण १९९९ च्या डिसेंबरात खुद्द मायक्रोसॉफ्ट कंपनी 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाचे पैसे भरायला विसरली होती. हॉटमेलचे लॉगिन त्या नावावरून चालायचे, ते अडखळले. ऐन नाताळात एका संगणक प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले आणि काम सुरळीत झाले. त्याने नावावर हक्क सांगितला नाही. कंपनीने आभार मानून त्याला ५०० डॉलरचा धनादेश पाठवला.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. २०१६ साली अमेरिकेत कर्णबधिर लोकांसाठी खुणांच्या भाषेतून फोन जोडून देणाऱ्या सोरेन्सन कंपनीचे एक डोमेन नाव मुदत संपून बंद पडले. तेवढ्या काळात या कर्णबधिर बंधुभगिनींना पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका यांनाही फोन लागत नव्हता. सरकारी चौकशी झाली आणि प्रकरण मिटवायला कंपनीला सुमारे ३० लाख डॉलर मोजावे लागले. काही डॉलरचे भाडे विसरण्याची ही किंमत!

सुटलेल्या नावावर पैसा कसा होतो?

आमचे विहाराचे नाव घेऊन कोणाला काय मिळणार, असा प्रश्न आम्हाला पडला होता. उत्तर तीन प्रकारचे आहे.

पहिला प्रकार सरळ खरेदी-विक्रीचा. एखादा सोपा, लक्षात राहणारा शब्द, एखाद्या गावाचे किंवा व्यवसायाचे नाव मोकळे झाले की ते घ्यायचे आणि ज्याला धंद्यासाठी हवे त्याला नफ्याने विकायचे. २०१९ साली 'व्हॉइस डॉट कॉम' हे नाव ३ कोटी डॉलरला विकले गेले. पण ते कोणी विसरलेले नाव नव्हते, एका मोठ्या कंपनीने स्वतःकडे राखलेले नाव होते. असे सौदे लॉटरीच्या पहिल्या बक्षिसासारखे गाजतात.

दुसरा प्रकार जाहिरातींचा. नाव घेऊन त्यावर नुसत्या जाहिराती लावायच्या. चुकून येणारा कोणी त्यावर बोट ठेवतो आणि मालकाला काही पैसे मिळतात.

तिसरा प्रकार आमच्या वाट्याला आला तो. जुन्या नावाला ओळखीपाळखी असतात. दहा वर्षांत कितीतरी वर्तमानपत्रांनी, संस्थांनी आपल्या पानांवर आमच्या विहाराचा पत्ता दिलेला होता. गुगलसारखे शोधयंत्र या ओळखी पाहून नावाला वजन देते. ते वजन वापरून जुगाराचे दुकान वर आणायचे, ही युक्ती. विहाराने कमावलेला विश्वास दुसऱ्याच्या गल्ल्यात जातो. २०२४ च्या मार्चमध्ये गुगलने याविरुद्ध नियम केला. बंद पडलेल्या प्राथमिक शाळेच्या नावावर जुगाराचा मजकूर टाकणे, हे उदाहरणच त्यांनी नियमात दिले आहे. म्हणजे असे प्रकार किती ठिकाणी होत असतील याचा अंदाज करावा. अशी पाने आता शोधातून खाली ढकलली जातात किंवा काढली जातात.

आईची भिशी आणि मुलाचा बेत

हे सारे आम्हाला समजावून सांगणारा आमच्या चाळीतलाच एक तरुण. पदवीधर आहे, कायमची नोकरी नाही. सांगता सांगता एक दिवस तो म्हणाला, "काका, हा धंदा मी पण करू का? व्हिडिओत दाखवतात, सुटलेली नावं पकडा आणि लाखो कमवा. आईची भिशी लागलीय, वीस हजार. ती द्यायला तयार आहे."

त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. त्या वीस हजारांत तिचे किती महिने आहेत, हे आम्ही जाणून होतो. आम्ही त्याला हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. वही घेतली आणि हिशेब मांडला.

समजा, वर्षाला हजार रुपये भाड्याची वीस नावे घेतली. वीस हजार गेले. समजा, वर्षात एक नाव १५ हजारांना विकले. विकून देणाऱ्याचे २० टक्के, म्हणजे तीन हजार कापले, हातात १२ हजार. आठ हजारांची खोट. शिवाय उरलेल्या एकोणीस नावांचे पुढच्या वर्षीचे १९ हजार भाडे दारात उभे. या धंद्यात मुरलेले लोकच सांगतात की शंभर नावांमागे वर्षाला एखाद-दुसरे नाव विकले जाते. ज्याच्याकडे दहा वर्षे थांबायला पैसा आहे, त्याचा हा खेळ. लाखोंच्या गोष्टी सांगणाऱ्या व्हिडिओवाल्याची कमाई पुष्कळदा व्हिडिओची आणि शिकवणीच्या फीची असते.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग संसाराला, दोन भाग व्यवसायाला, आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. आईची भिशी हा तो चौथा भाग. त्याला हात लावायचा नाही, असे आम्ही त्या मुलाला सांगितले. त्याने ते मानले, याचे आम्हाला समाधान आहे.

कायदा आणि शील

मग सुटलेले नाव घेणे ही चोरी आहे का? अदिन्नादाना वेरमणी हे शील आपण रोज म्हणतो, म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. आमचे मत असे की मुदतीचे सारे दिवस उलटून मोकळे झालेले साधे नाव घेण्यात दोष नाही. टाकून दिलेल्या जागेवर कोणी रोप लावले तर त्याला चोर म्हणत नाहीत. पण दुसऱ्याच्या नावावरची ओळख वापरून लोकांना फसवणे, किंवा त्याची निकड पाहून दामदुप्पट मागणे, हा सरळ व्यवहार नाही. तथागतांनी उपासकाला शस्त्रे, माणसे, मांस, मादक पदार्थ आणि विष या पाच गोष्टींचा व्यापार वर्ज्य सांगितला. जुगार हे संपत्ती नासण्याचे एक द्वार सांगितले. सम्यक आजीविकेची कसोटी इथे आपोआप लागते.

कायदाही याच बाजूला झुकतो. रेडिफ कंपनीच्या नावाशी एका अक्षराच्या फरकाने जुळणारे नाव घेणाऱ्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली मनाई दिली. २००४ साली सत्यम इन्फोवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की डोमेन नावालाही व्यापारी नावासारखे संरक्षण आहे. म्हणून नामांकित कंपनीचे नाव सुटलेले दिसले आणि ते पकडले, तरी ते पचत नाही. नाव जाते आणि वकिलाचा खर्च बसतो.

आमच्या तरुणांना आणखी एक कळकळीची विनंती. बाबासाहेबांचे, माता रमाईचे, आपल्या चळवळीतल्या स्थळांचे नाव सुटलेले दिसले तर जरूर घ्या, पण नफ्यासाठी घेऊ नका. ज्या संस्थेचे ते असेल तिला भरलेल्या पैशांत परत करा. त्या १९९९ सालच्या प्रोग्रामरची गोष्ट विसरू नका.

विहारांनी आणि मंडळांनी काय करावे?

आमच्या चुकीतून शिकलेल्या गोष्टी क्रमाने सांगतो. कापून विहाराच्या फलकावर लावल्या तरी चालतील.

१. खाते संस्थेच्या नावावर असावे, कोणा एका मुलाच्या नावावर नको. किमान दोन पदाधिकाऱ्यांचे फोन आणि ई-मेल तिथे नोंदवावेत.

२. खात्याचा ई-मेल त्याच डोमेन नावाचा नसावा. नाव बंद पडले की ई-मेलही बंद पडतो आणि सूचना मिळत नाहीत.

३. एकदम पाच किंवा दहा वर्षांचे भाडे भरावे. 'आपोआप नूतनीकरण' चालू असले तरी ज्या कार्डावरून पैसे कापले जातात त्याची मुदत संपलेली असू शकते, हे लक्षात ठेवावे.

४. मुदतीची तारीख वार्षिक सभेच्या इतिवृत्तात लिहावी आणि पदाधिकारी बदलले की नव्यांकडे खात्याचा ताबा द्यावा. आयकॅनच्या लुकअप पानावर डॉट कॉम नाव टाकले की त्याची मुदत कोणालाही पाहता येते.

५. 'तुमचे नाव जाणार, ताबडतोब पैसे भरा' अशी पत्रे आणि फोन फसवणुकीचेही असतात. त्यातल्या दुव्यावर बोट ठेवू नये. स्वतः खात्यात जाऊन पाहावे.

६. संकेतस्थळ नको असले तरी नाव लगेच सोडू नये. त्या नावाच्या ई-मेलवर बँकेचे किंवा देणगीचे खाते जोडलेले असेल तर आधी ते बदलावे. नाव ज्याच्या हाती जाते, त्या नावावर येणारे ई-मेलही त्यालाच मिळू शकतात.

७. मराठीतून नाव हवे असेल तर २०१४ पासून देवनागरीतले 'डॉट भारत' मिळते. त्यालाही भाडे आहे आणि मुदत आहे.

शेवटी

आमचे जुने नाव आम्हाला परत मिळाले नाही. ज्याच्याकडे ते होते त्याने डॉलरमध्ये अशी रक्कम सांगितली की त्यात विहाराचे छप्पर नवे झाले असते. जिनेव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार करता येते, पण एका पंचापुढच्या तक्रारीची फीच १५०० डॉलर. शिवाय आमच्यासारख्याच नावाची कितीतरी विहारे महाराष्ट्रात आहेत, त्यामुळे हक्क सिद्ध करणेही कठीण. आम्ही नवे नाव घेतले, दहा वर्षांचे भाडे भरले आणि महिला मंडळाच्या भगिनींनी एका संध्याकाळी बसून उरलेल्या सगळ्या पत्रिकांवर नव्या पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढले, १९२७ साली 'बहिष्कृत भारत'. वर्गणीअभावी पत्रे चालवणे किती कठीण होते हे आपण जाणतो. ती बंद पडली, पण त्या मथळ्यांखाली कोणी मटक्याचे आकडे छापले असे ऐकिवात नाही. कागदावरचे नाव समाजाच्या आठवणीत राहते. इंटरनेटवरचे नाव मात्र भाडे भरेपर्यंतच आपले असते. तेव्हा ते सांभाळणे हेही आता चळवळीचेच काम झाले आहे.

आणि तो मुलगा? त्याने आईची भिशी बँकेत ठेवली. स्वतःच्या दोन हजारांत दोन साधी नावे घेतली, ती अजून विकली गेलेली नाहीत. पण आसपासच्या अकरा मंडळांच्या नावांच्या मुदती त्याने वहीत उतरवून काढल्या. त्यांतल्या तीन मुदती महिन्याच्या आत संपत होत्या! तिन्ही नावे वाचली. आता दोन संस्थांनी नाव सांभाळण्याचे काम थोडे मानधन देऊन त्याच्याकडे सोपवले आहे. परवा त्याची आई विहारात भेटली, तेव्हा म्हणाली, "भाऊ, पैसे थोडे येतात. पण कोणाचं घेऊन येत नाहीत."

आपल्या विहाराची भाडेपावती कोणाच्या खिशात आहे, हे येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर जरूर विचारा. जयभीम!